पंत ध्यानाला बसतात

यज्ञेश्वरपंतांचा राग अख्ख्या कसबा पेठेला ठाऊक होता. पगडी लांबून दिसली तरी दफ्तरातल्या कारकुनांची लेखणी थरथरायची. शेवटी वैद्यबुवांनीही हात टेकले, तेव्हा पंत मुठेकाठच्या एका गोसाव्याकडे ध्यान शिकायला गेले. "पहाटे डोळे मिटून बसा आणि नुसता आपला श्वास ऐका," गोसावी म्हणाला, "राग आपोआप उतरेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे पंत देवघरात पाटावर बसले, तोच माजघरात जातं घरघरलं. "बंद करा ते! माणूस शांत व्हायला बसलाय, कळत नाही?" पंत गरजले. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी तोंडातली ओवी अर्धी टाकून जात्यावरचा हात काढला. मग गोठ्यातल्या गाईची घंटा पंतांच्या कानाला टोचली. सगुणाबाईंनी तीही सोडून आणली. शेजारच्या आडावर रहाट करकरला, तेव्हा मात्र पंत स्वतः उठले आणि भिंतीवरून शेजाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून परत पाटावर येऊन बसले.

अवघं घर चिडीचूप झालं. दळण तसंच पडलेलं, आणि जेवायला उशीर झाला की पुन्हा आपल्यालाच ऐकून घ्यायचंय, या विचाराने सगुणाबाई दाराशी धुमसत उभ्या राहिल्या. पंतांनी डोळे मिटले आणि लगेच कडाडले, "आता हे भात्यासारखं फुसफुसतंय कोण? तेही बंद करा!"



"अहो, तो आपलाच श्वास आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "करू बंद?"