पूर्वतयारी

“आवं, परत चुकलं,” सुलाबाईनं नवऱ्याच्या वहीवर बोट ठेवलं. “दोनशे मेंढरांतली तीस गाभण. मग शेकडा किती?”

लालासाहेबांनी डोकं खाजवलं. “तीसच की.”

“तीस कशी? शंभरात किती, आसं इचारलंय. पंधरा!”

“तुला लय झटक्यात येतंय. माझ्या टकुऱ्यात काय शिरत न्हाई.”

मागच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसली. सुलाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बावन्न वर्षांचा माणूस, फौजेतनं रिटायर झालेला हवालदार, आणि चारचौघांत असा ठोंब्या ठरतोय, हे तिला सोसवत नव्हतं.

वडूजच्या कॉलेजात दर रविवारी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा वर्ग भरायचा. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांनी ती परीक्षा दिली, की बी.ए.ला नाव घालता येई. नवऱ्यानं विषय काढला तेव्हा सुलाबाई हसलीच होती.

“दहावी नापास झालो आन् भरती झालो,” ते म्हणाले होते. “कालेजात बसायचं तेवढं राहिलं. एकट्याला लाज वाटती. तू संगं चल.”

तिची शाळा सातवीत सुटली ती मेंढरांमागं. आता ह्या वयात कसली पाटी न् कसलं पुस्तक? पण नवऱ्याची एवढी एक हौस, ती मोडवेना. म्हणून ती निघाली.

घरी धारा झाल्या की ती आधी स्वतः धडा वाची, मग त्यांना समजावून सांगे. इंग्रजीची अक्षरं तिनं अशीच पाठ केली. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत. ती पुन्हा पुन्हा सांगे. चिडे, मग हळहळे.

निकाल लागला. सुलाबाईला शंभरात शहात्तर. लालासाहेबांना एकतीस.

ती रडकुंडीला आली. “तुमच्यासाठी केलं समदं, आन् तुमीच मागं ऱ्हायला.”

“मी बसतो की पुढल्या साली. तू थांबू नगंस. बी.ए.चा फॉर्म भर. तू शिकलीस तर मला शिकवशील.”

त्यांनी स्वतः उभं राहून तिचा फॉर्म भरून घेतला.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. गाडी साताऱ्याला पोहोचायच्या आत सगळं आटोपलं.

रविवार येत राहिले. सुलाबाई गेली नाही. कॉलेजातल्या संयोगिता मॅडमनी तीनदा फोन केला. शेवटी ती म्हणाली, “मॅडम, माझं नाव काढून टाका. शिकायची हौस त्यांची व्हती. मी नुसती सोबतीला आल्ते.”

मॅडम म्हणाल्या, “पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जाणार आहात ना? जाऊन या. मग सांगा.”

साताऱ्याच्या माजी सैनिकांच्या कचेरीत कारकुनानं लालासाहेबांच्या नोकरीचं पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. “बघून घ्या ताई. काही चूक असेल तर आत्ताच सांगा. वाचता येतं?”

“येतं.”

ती एकेका अक्षरावरनं बोट फिरवू लागली. नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर होती. गावही. पुढच्या ओळीवर बोट थांबलं. तिनं ती ओळ पुन्हा लावून वाचली.

“साहेब, हितं चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“शिक्षण. दुसऱ्या कुणाचं तरी लिवलंय. आमचं मालक दहावी नापास व्हतं.”

कारकुनानं पुस्तक आपल्याकडं वळवलं, मागची दोन पानं उलटली आणि तिथं जोडलेला कागद बाहेर काढून तिच्यासमोर धरला.

“नाही ताई, बरोबर आहे. नोकरीत असतानाच झालेत ते बी.ए. पहिल्या वर्गात.”