सरांचे गुडघे आणि अंतराळातले रेणू

वीज वाचवायला संस्थेने प्रयोगशाळेत सेन्सर बसवला होता. खोलीत कुणी हललं नाही की दिवे बंद, अन् लेझरही बंद. अंतराळातले रेणू प्रकाशाने तुटतात हे आज लेझर लावून परीक्षक बाईंना दाखवलं नाही, तर पोरीची पीएचडी बोंबलणार होती. म्हणून तिचे साठीचे मार्गदर्शक सर पॅन्ट सावरत नाचायला लागले.

"सर, तुमचे गुडघे!"

"गुडघे गेले खड्ड्यात, तू पडदा बघ!"

पडद्यावर रेणू पटापट तुटू लागले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, पण लेझरचं बटण तू दाबलंच नाहीस," बाई म्हणाल्या.

सर जागच्या जागी थिजले. रेणू तुटायचेही थांबले.

बाईंनी प्रबंध पुढे सरकवला. "पीएचडी पक्की. फक्त शीर्षकातला 'प्रकाश' खोड आणि तिथे सरांचं नाव घाल."