पाच मात्रांचा ढोल

सोफियातल्या सरकारी स्टुडिओत नेत्यावरच्या प्रचारपटाला संगीत द्यायला कुणी धजेना. नेता लंगडायचा आणि मार्च वाजला की ते जास्तच उठून दिसायचं. त्यापायी आधीचा संगीतकार खाणीत दगड फोडत होता. आता पाळी वेलिस्लावची. त्यानं गावाहून वडिलांचा ढोल मागवला आणि आम्हा स्टुडिओतल्या वादकांकडून लग्नातल्या नाचाचा पाच मात्रांचा ठेका वाजवून घेतला: एक पाऊल आखूड, एक लांब. सेन्सॉरचा साहेब भडकला, “कॉम्रेड, नेते पाहणीला निघालेत की वरातीला?” “आधी बघा तर!” वेलिस्लाव म्हणाला. पडद्यावर प्रत्येक पाऊल ठेक्यात पडलं, लंगडणं दिसेचना. पहिल्या खेळाला अख्खं थिएटर पायानं ठेका धरू लागलं, टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतला नेता उठून वाकला. मागं वेलिस्लाव उठणार, तोच खेळासाठी गावाहून आलेल्या वडिलांनी बाही ओढली. “बस खाली, पोरा. टाळ्या आपल्या ढोलाला आहेत. वाकू दे की त्याला.”