डेपोसमोरची लाँड्री

जुनी मशिनं घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसाने ड्रममध्ये मान घालून टॉर्च मारला, तशी लाँड्रीवाल्या मावशींनी तोंड फिरवलं. घरातल्या माणसाला डॉक्टर तपासत असावा तसं त्यांना झालं. मशीन उत्तम चालत होतं. न चालायला झालं होतं काय? हल्ली आठवड्यातले बरेच दिवस ते नुसतं बसूनच असायचं.

दुकानासमोर बसडेपो होता. तिथून पहाटेपासून डिझेलच्या बसगाड्या निघायच्या आणि प्रत्येक गाडी जाताजाता गल्लीला काजळी फासून जायची. लोक पडदे लावायचे तेच मुळी तपकिरी, नाहीतर गडद निळे, म्हणजे मळ दिसायला नको. तरीही महिन्याभरात सगळ्यांचा रंग एकच व्हायचा आणि ते मावशींकडे यायचे. कोळशाच्या दलालीत हात काळे म्हणतात, मावशींचा संसार मात्र त्याच काळ्यावर उजळला होता. लेकीचं शिक्षण, राहायची वरची खोली, हे मोठं मशीन, सगळी काजळीची कृपा. लोक दुकानात येऊन डेपोला शिव्या घालायचे. मावशी मान डोलवायच्या आणि मनातल्या मनात डेपोचं भलं चिंतायच्या.

मग बॅटरीवरच्या बसगाड्या आल्या. धूर नाही की आवाज नाही. वर्षभरात जुन्या गाड्या एकेक करून गेल्या आणि त्यांच्या मागोमाग पडदेही यायचे थांबले. या बसगाड्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

नवऱ्यापुढे मात्र त्या हे बोलत नसत. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून आयुष्यभर खोकलेला तो माणूस या हिवाळ्यात एकदाही खोकला नव्हता. परवा तर इस्त्री करता करता चक्क गाणं म्हणत होता, तेही बेसूर. माणूस बरा झाला आणि दुकान आजारी पडलं. ज्या गाड्यांनी आपल्या नवऱ्याची छाती मोकळी केली त्यांनाच आपण बोल लावतो, याची मावशींना लाज वाटायची. पण लाजेने पोट भरत नाही. शेवटी त्यांनीच विषय काढला, की मशीन विकू आणि लेकीकडे जाऊन राहू. नवरा फक्त "बघ बाई" म्हणाला आणि परत इस्त्रीकडे वळला.

मशीनवाल्याने ड्रममधून मान बाहेर काढली. माल पसंत आहे, उद्या टेम्पो घेऊन येतो, म्हणाला. मावशी हो म्हणणार एवढ्यात समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाई दारात उभ्या राहिल्या. कितीतरी महिन्यांत त्यांनी तोंड दाखवलं नव्हतं. त्यांनी काउंटरवर एक गाठोडं ठेवलं. मावशींनी गाठ सोडली आणि त्या बघतच राहिल्या. आत पडदे होते, पांढरे. वर चहाचा ओघळ आणि खालच्या काठाला लहान मुलांच्या बोटांचे ठसे.

"या गल्लीत पांढरे पडदे? बाई, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आता लावता येतात ना, मावशी. लग्न झाल्यापासूनची हौस होती माझी. पण आधीच्या पडद्यांना पोरं हात पुसायची ते कळायचंसुद्धा नाही. यांच्यावर नुसतं बोट लागलं तरी दिसतं. दर आठवड्याला पाठवले तर घ्याल?"

घरी धुऊन पाहिले तर पिवळे पडले, असंही त्या म्हणाल्या. लाँड्री बंद होणार असं कानावर आलं, म्हणून आधी विचारायला आल्या होत्या. त्यांच्या जिन्यावरच्या सगळ्याजणी हेच विचारत होत्या.

मावशी काउंटरमागून निघाल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. वर्षभर त्यांनी रागाने फक्त डेपोच्या फाटकाकडे पाहिलं होतं. मान वर करावी असं कधी सुचलंच नव्हतं. आता त्यांनी वर पाहिलं. खिडकीत पांढरा पडदा, शेजारच्या खिडकीत फिकट पिवळा, त्याच्यावर पुन्हा पांढरा. एका गॅलरीत तर कुणीतरी बाळाची झबली दोरीवर वाळत घातली होती. अगदी उघड्यावर. मावशींना एकदम भरून आलं. एवढी वर्षं आपण या गल्लीचे कपडे धुतले आणि या गल्लीला पांढरं नेसता येत नाही हे आपल्या ध्यानातच आलं नाही, असं त्यांना वाटलं.

पदराने डोळे टिपून त्या आत आल्या आणि मशीन विकायचं नाही म्हणून मोकळ्या झाल्या. मशीनवाला वैतागला. एवढ्या लांबून आलो, फेरा फुकट गेला, म्हणाला.

"फुकट कशाला जाईल?" मावशी पडदे मशीनमध्ये टाकत म्हणाल्या. "असंच दुसरं असलं, तर उद्या येताना टेम्पोत घालून आणा."