शिखराच्या अलीकडे

“इथून मागे फिरायचं,” गाईड म्हणाली.

साहेबांना आधी ते खरंच वाटेना. शिखर समोर दिसत होतं. फार तर दीड तासाची चढण उरली होती, आणि सॅकमध्ये कंपनीचा फलक गुंडाळून ठेवला होता. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागाचे ते प्रमुख. आपल्या सहा माणसांना चिकाटी म्हणजे काय ते कळावं, म्हणून त्यांनीच ही बर्फातली मोहीम ठरवली होती.

“कारण?”

“ते ढग बघा. आणि काकांचे ओठ निळे पडलेत.”

काका म्हणजे विभागातले सगळ्यांत जुने कर्मचारी. ते बर्फातच बसले होते आणि डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालायची खटपट करत होते.

“काका, जमेल ना?” साहेबांनी विचारलं.

“जमेल, साहेब.”

“झालं तर मग.”

गाईडचं डोकं फिरलं. तीन दिवस ती हेच ऐकत होती. तळावर या सहा जणांचे फोन सतत वाजायचे. कुणाचा फ्रिज गळतोय, कुणाचा गार होत नाही. ताट बाजूला सारून हे आपले माफी मागत बसायचे. आणि साहेबांनी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, जमेल.

“त्यांना विचारू नका,” ती म्हणाली. “ते तुम्हाला नाही म्हणणारच नाहीत. मी बघून सांगतेय.”

“आमच्यात मागे फिरत नाहीत, बाई.”

“इथे फिरतात.”

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. एकाने जरी मान हलवली असती तरी पुरे होतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांनीच तोंडात मिठाची गुळणी धरलेली. तिला वाटलं, जाऊ दे, चढू दे यांना. पण तिने दोर उलटा फिरवला आणि सगळ्यांना खाली उतरवायला घेतलं.

या मोसमात ती तिसऱ्यांदा अर्ध्यातून परतत होती. मोहिमा चालवणाऱ्या मालकांनी बजावलं होतं, आता पुन्हा असं झालं तर वर जायचं नाही, तळावर तंबू सांभाळायचे.

उतरताना तिच्या मागे विभागातली सगळ्यांत लहान मुलगी होती. तिने विचारलं, “ताई, आता पुरे, हे कळतं कसं?”

“वर जाण्यातच सगळी ताकद घालवायची नसते,” गाईड वैतागून म्हणाली. “घरी पोहोचण्यापुरती उरायला हवी. आणि आपल्याला वर नेणाऱ्याला हे विचारायचं नसतं. त्याचा डोळा शिखरावर असतो.”

दोरावरचे बाकीचे पाचही जण कान देऊन उतरत होते; साहेब बरेच मागे, दोराच्या टोकाला होते.

दुपारी ढग पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तळावरची तुकडी लख्ख उन्हात शिखरावर जाऊन आली. चहा घेताना साहेबांनी आपल्या माणसांना सुनावलं, “बघितलंत? नेत्याने कच खाल्ली की असं होतं. सोमवारी ऑफिसात यावर सविस्तर बोलू.”

काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. ते चहात बिस्कीट बुडवत होते. गाईड त्यांच्याकडे पाठ करून तंबूच्या खुंट्या उपटत राहिली. एक खुंटी निघेना, तेव्हा तिने ती लाथेने तोडली.

दहा दिवसांनी मालकांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर एक पत्र उघडं पडलं होतं. वर फ्रिजच्या कंपनीचं नाव, खाली साहेबांची सही.

“तक्रार आलीय,” मालक म्हणाले.

तिने त्या दिवसाचा हवामानाचा अहवाल बरोबर आणला होता. तो पुढे करत ती म्हणाली, “ढग पांगतील हे मला तेव्हा कसं कळणार? काकांना काही झालं असतं तर...”

“ढगांचं काही नाही त्यात. वाच.”

ती उभ्यानेच वाचू लागली.

“महोदय, शिखर गाठता आलं नाही, याबद्दल आमची तक्रार नाही. परतल्यानंतरच्या सोमवारी माझ्या विभागातल्या सहाच्या सहा जणांनी राजीनामे दिले आहेत. आपल्या गाईडने उतरताना त्यांना नेमकं काय सांगितलं, याचा लेखी खुलासा मिळावा.”