एक नाव हवंय

"संध्याकाळपर्यंत तुझ्या टीममधलं एक नाव हवंय," देवस्थळी सर मृण्मयीला म्हणाले.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटल्यापासून त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीला उतरती कळा लागली होती. दर महिन्याला प्रत्येक टीममधून एक माणूस कमी होई आणि तो निवडायचं काम टीम लीडच्या गळ्यात पडे. मृण्मयीने आतापर्यंत दोन नावं दिली होती. आता चौघे उरले होते. अल्ताफच्या बायकोला सातवा महिना लागला होता, रेणुकाने नुकतंच आईला गावाहून कायमचं आणलं होतं. मृण्मयी जवळून गेली की त्या चौघांची बोलणी थांबत.

तिने दुपारीच कागद नेऊन दिला. सरांनी तो वाचून मान वर केली.

"अगं, हे तर तुझंच नाव! वेड लागलंय का?"

"नाही सर. तीन महिन्यांत आज पहिल्यांदाच डोकं ठिकाणावर आलंय."

तिने टीमला सांगितलं. अल्ताफने तिची बॅग उचलली आणि गेटपर्यंत सोबत आला.

घरी येऊन ती जी आडवी झाली, ती दिवेलागणीलाच जागी झाली. नवरा चहा घेऊन उशाशी उभा होता.

"नोकरी सोडून आले," ती म्हणाली.

त्याने कप तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "तरीच आज झोपेत दात खात नव्हतीस."