नावेतला निरोप

चित्र संडासात होतं.

"पाहुण्यांच्या," फ्राऊ डॉक्टर झाउटनर यांनी लगबगीने सांगितलं. "आमचा आत वेगळा आहे." यजमान दातांचे डॉक्टर, म्हणून बाईही 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती, डॉक्टर. व्हिएन्नात ही पदवी लग्नाच्या अंगठीबरोबरच मिळते.

हाद्रावाबाई दारातच थबकल्या. बूट बाहेर काढलेले, पायात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लोकरी सपाता, हातात स्वरलिपीची पिवळी पानं. समोर, भांड्याच्या बरोबर वर, सोनेरी फ्रेममध्ये नावेत बसलेली एक सुंदर बाई रुमाल हलवत होती. खाली वळणदार अक्षरांत 'नावेतला निरोप' आणि त्याखाली गाणं रचणारीचं मुंगीएवढं नाव, यूलिए फाल्कनाउ. लव्हेंडरचा वास दाटला होता.

दीडशे वर्षांपूर्वी पियानोची अशी शेकडो गाणी छापली जात आणि घरोघरच्या मुली ती पाहुण्यांपुढे वाजवीत. आता जुन्या बाजारातले विक्रेते त्यांची मुखपृष्ठं पात्याने कापतात, चित्र म्हणून विकतात आणि आतलं संगीत रद्दीच्या खोक्यात भिरकावतात. साल जपायची आणि केळं फेकायचं, असा हा धंदा. अशाच एका खोक्यात हाद्रावाबाईंना ही पानं मिळाली होती. पियानो शिकवण्यात जन्म गेलेल्या त्या बाई ती वाजवून अक्षरशः हरखल्या. कुठल्याच ग्रंथालयात दुसरी प्रत मिळेना. आणि पहिलं पान तर नव्हतंच, कारण ते मुखपृष्ठाच्या पाठीवर छापलेलं असतं. विक्रेत्याच्या खनपटीला बसून त्यांनी हा पत्ता काढला होता.

"मला फक्त मागच्या बाजूचा फोटो घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "चित्र तुमचं तुमच्याकडेच राहील."

"घ्या की!" फ्राऊ डॉक्टरांनी नवऱ्याला हाक मारली. "अरे एर्विन, चित्र खाली काढून फ्रेम उघड बरं. आणि तोवर तुम्ही वाजवून दाखवा हं. चित्राला गाणंही आहे, हे आम्हाला काय ठाऊक!"

दिवाणखान्यातल्या पियानोवर नातवंडांच्या फोटोंची गर्दी होती आणि सूर कधीचे उतरलेले होते. तरी हाद्रावाबाई बसल्या. दुसऱ्या पानावर डावा हात एक छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि उजवा हात तिला दाद देत नाही. कोणीतरी काठावरून हाका मारतंय आणि नावेतून मान वळत नाही, तसं. पण त्या हाकेत नक्की काय आहे, ते पहिल्या पानाशिवाय कळत नव्हतं. आता कळेल, या आनंदात त्या बेसूर पियानोवरही त्या जीव ओतून वाजवत राहिल्या. फ्राऊ डॉक्टर फोन समोर धरून उभ्या होत्या.

शेवटचा सूर विरतोय तोच डॉक्टर चित्र घेऊन आले. हाद्रावाबाईंनी ते अधीरतेने उलटलं.

पाठ पांढरी होती. कागदाचा पांढरेपणा नव्हे, भिंतीला देतात तसला रंग.

"आधी फार वाईट दिसायचं हो," फ्राऊ डॉक्टर कौतुकाने सांगू लागल्या. "मागचे काळे ठिपके पुढे उमटायचे. बाईच्या तोंडावर देवीचे व्रण असावेत तसे. मग फ्रेमवाल्याने मागून सगळं खरवडलं आणि रंग दिला. आता बघा कशी गोरीपान दिसते!"

हाद्रावाबाईंनी नखाने एक पापुद्रा काढला. खाली नुसता लव आलेला कागद. स्वराची एकही खूण उरली नव्हती.

"ते ठिपके म्हणजेच गाणं होतं," त्या म्हणाल्या.

"अगंबाई!" फ्राऊ डॉक्टरांनी गालावर हात ठेवला आणि लगेच काढलाही. "पण बाकीचं आहे ना तुमच्याकडे? मग झालं तर! केक घ्या, आजच केलाय."

केककडे बघून हाद्रावाबाईंना शिसारी आली. त्या सोनेरी फ्रेमची आली, त्या गोऱ्यापान गालांची आली. शिव्या हासडाव्यात असं फार वाटलं, पण परक्याच्या घरात, परक्याच्या सपाता घालून कोणाला शिव्या देणार? पानं गोळा करून त्या बूट घालायला बाहेरच्या बोळात आल्या. डॉक्टर चित्र परत टांगायला शेजारच्या दारातून संडासात गेले होते.

"तुम्ही ही विसरलेली गाणी फुकट वाटता ना हो?" मागोमाग आलेल्या फ्राऊ डॉक्टरांनी विचारलं. "इंटरनेटवर टाकता, असं विक्रेता सांगत होता."

"हो. कोणीही घ्यावं," सवयीने तोंडून निघून गेलं. "कोणीही, कुठेही वाजवावं."

"मग आमचीही सोय झाली! आत स्पीकर आहे. कोणी आत गेलं की आपोआप वाजतो, बाहेर कसलेच आवाज येत नाहीत. इतके दिवस पक्ष्यांची किलबिल होती, तिचा अगदी कंटाळा आला होता." त्यांनी फोनवर बोट टेकवलं.

दारापलीकडे डाव्या हाताची ती ओळ सुरू झाली. हाद्रावाबाई वाकून नाडी बांधत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

"अगं ट्राउडल," आतून डॉक्टर ओरडले, "हे मधूनच सुरू होतंय!"

"असू दे रे!" फ्राऊ डॉक्टर हसून म्हणाल्या. "तिथे कोण सुरुवातीपासून ऐकायला बसतंय!"